रेखाटलेली आकृती आणि छायाचित्रातील भूमी

वैशाख पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या दोन पर्वांच्या सुमारास आपल्या वस्त्यांतून, विहारांच्या प्रवेशद्वारांवर आणि आता घरोघरीच्या मोबाइलवर जी बुद्धचित्रे दिसू लागतात, त्यांत एक प्रकार इतका रूढ झाला आहे की तो निराळा प्रकार आहे याचे भानही राहिलेले नाही. या चित्रांत आकृती हाताने रेखाटलेली वा रंगविलेली असते आणि तिच्या मागील देखावा मात्र छायाचित्र असतो. दोहोंची जुळवणी संगणकावर होते. भूमिस्पर्श मुद्रेतील तथागत आणि मागे बोधगयेच्या महाबोधी विहाराचे छायाचित्र हा त्याचा सर्वांत परिचित नमुना. निळ्या सुटातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मागे नागपूरच्या दीक्षाभूमीचा शुभ्र घुमट हा दुसरा. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रकाराला ‘संयुक्त चित्र’ म्हणू आणि मुख्यतः या दोन नमुन्यांचाच विचार करू.

या चित्रांची समीक्षा होत नाही. अभिरुचीसंपन्न मंडळी त्यांना भडक म्हणून दूर सारतात. श्रद्धावान मंडळी हात जोडतात. दोघेही चित्राकडे पाहत नाहीत. भडकपणाची तक्रार आम्हांस गौण वाटते. अजिंठ्याच्या भिंतीही त्यांच्या ऐन काळात आज दिसतात तितक्या मंद रंगाच्या खचितच नसतील. आमचा प्रश्न साधा आहे: चित्रातली आकृती बसली आहे कशावर?

प्रथम कारागिरी पाहू. ज्याला दुकानात ‘लेयर’ म्हणतात तो थर हा या जुळवणीचा आधार. फोटोशॉप ही प्रणाली १९९० साली बाजारात आली आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्यात थरांची सोय झाली. त्यापूर्वी कात्री व डिंक घेऊन जे होई ते आता पडद्यावर होते. आकृतीभोवतीचा भाग कापून काढावा, कडा किंचित मऊ कराव्या, ती छायाचित्राच्या थरावर ठेवावी, मस्तकामागे प्रभामंडळ घालावे, खाली मंडळाचे नाव व शुभेच्छुकांचे चेहरे लावावे आणि फ्लेक्स छापायला द्यावा. या क्रमात आकृती आणि भूमी यांची गाठ कोठेही पडत नाही. एक थर दुसऱ्यावर तरंगतो. सराईत कारागिराला हे ठाऊक असते. म्हणून तो आकृतीच्या तळाशी कमळ घालतो, ढग घालतो अथवा धुके पसरतो. बहुतेक चित्रांतील कमळ हे प्रतीक म्हणून येत नाही, जोड झाकण्यासाठी येते, हे थोडे बारकाईने पाहणाऱ्यास सहज कळेल.

डोळा या जोडाशी फसत नाही, याची कारणे सांगता येतात. छायाचित्राला एक क्षितिज असते. कॅमेरा ज्या उंचीवर धरला होता ती उंची त्यात कायमची नोंदलेली असते. आकृती निराळ्या उंचीवरून पाहून रेखाटली असेल तर ती घसरते किंवा तरंगते. छायाचित्रात प्रकाशाची एक दिशा असते, उन्हाचा एक रंग असतो, दूरच्या वस्तूंवर हवेचा एक पातळ पडदा असतो. यांपैकी एखादी गोष्ट चुकली तर चालून जाते. जे चालत नाही ते म्हणजे स्पर्शाच्या जागेवरील सावली. वस्तू जेथे जमिनीला टेकते तेथे प्रकाश शिरू शकत नाही, तेथे एक अरुंद, गडद रेघ उमटते. ती रेघ नसेल तर कितीही कुशल रंगकाम आकृतीला वजन देऊ शकत नाही.

चित्रपटांतील कारागिरांना हे संगणकापूर्वीच उमगले होते. ‘अँकर्स अवे’ (१९४५) या अमेरिकी चित्रपटात जीन केली हा नट रेखाटलेल्या जेरी उंदराबरोबर नाचतो. तेथील गुळगुळीत फरशीत नटाचे प्रतिबिंब पडते, म्हणून उंदराचेही प्रतिबिंब काढावे लागले. ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) मध्ये एका दृश्यात टांगलेला दिवा झोके घेऊ लागतो आणि रिचर्ड विल्यम्स यांच्या हाताखालील चित्रकारांनी त्या झोक्याबरोबर सशाच्या अंगावरील छाया चित्रागणिक बदलत नेल्या. प्रेक्षकाने ते टिपावे अशी अपेक्षा नव्हती. पण ते केले नसते तर ससा खोलीत नाही हे प्रत्येकाला जाणवले असते. एक विनोदी ससा खोलीत उभा आहे असे वाटावे यासाठी इतके श्रम झाले, आणि भूमीला साक्ष ठेवणाऱ्या तथागतांच्या बोटांखाली सावलीची एक रेघ ओढण्याचे श्रम आपल्याकडे होत नाहीत. ही तुलना कोणास उणी वाटल्यास इलाज नाही.

आता बोधगयेच्या चित्राकडे वळू. भूमिस्पर्श मुद्रेचा सर्व अर्थच स्पर्शात आहे. जातकट्ठकथेच्या आरंभी येणाऱ्या निदानकथेत मार बोधिसत्त्वाला त्याच्या दानाचा साक्षी कोण असे विचारतो आणि बोधिसत्त्व चीवरातून उजवा हात बाहेर काढून तो महापृथ्वीच्या दिशेने पसरतो. ललितविस्तरात तोच हात भूमीला लागतो आणि स्थावरा ही पृथ्वीदेवता प्रकट होते. सुत्तनिपातातील पधानसुत्तात मार आहे, नेरंजरा आहे, पण हा प्रसंग नाही. म्हणजे कथेचा विकास हाताकडून भूमीकडे होत गेला आहे. शिल्पकारांनी तो पूर्णत्वास नेला. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील मारविजयाच्या शिल्पपटासमोर उभे राहावे. माराचे सैन्य, त्याच्या कन्या, हत्ती अशी गर्दी आहे, पण सारी रचना त्या एका उतरत्या उजव्या हातावर तोललेली आहे. आकृती आणि आसन एकाच पाषाणातून निघाले असल्यामुळे तेथे जोडाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आमच्यासमोरील चित्रात हा हात कमळाच्या पाकळीपाशी संपतो. पाकळीखाली छायाचित्रातील फरसबंदी आहे. बोटे आणि फरशी यांच्यात चार बोटांचे अंतर आहे, आणि त्या अंतरातून मागील हिरवळ दिसते. भूमीला साक्षी बोलावले आहे, पण हाक तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

दिशांचा विचार केला तर घोटाळा वाढतो. निदानकथेनुसार बोधिसत्त्व वृक्षाच्या खोडाकडे पाठ करून पूर्वाभिमुख बसला. महाबोधी विहाराचे मुख्य द्वार पूर्वेस आहे. बोधिवृक्ष विहाराच्या पश्चिमेस, भिंतीला लागून आहे आणि वृक्ष व भिंत यांच्या मध्ये वज्रासन आहे. तेव्हा वज्रासनावर पूर्वेकडे तोंड करून बसणाऱ्याच्या पाठीशी आज वृक्ष असेल आणि विहाराची भिंत त्याच्या डोळ्यांसमोर, अगदी जवळ असेल. चित्रांतून मात्र पूर्वेकडून घेतलेले विहाराचे दर्शनी छायाचित्र पाठीमागे असते आणि बाजूला दुसऱ्याच कोठल्यातरी पिंपळाची फांदी लोंबत असते. शिवाय सुमारे ५० मीटर उंचीचा हा विटांचा विहार आजच्या रूपात गुप्तकाळाकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. जुना वृक्ष १८७६ साली कोसळल्यावर आजचा वृक्ष वाढला. छायाचित्रात दिसणारी प्रत्येक गोष्ट त्या रात्रीनंतर कित्येक शतकांनी आलेली आहे.

प्रकाशाचेही तसेच. प्रभामंडळाच्या जागी उगवता सूर्य घालण्याची प्रथा आहे. निदानकथा काटेकोर आहे: मारसेनेचा पराभव सूर्य मावळण्यापूर्वीच झाला आणि बोधी पहाटे झाली. पूर्वाभिमुख बसलेल्याच्या मागे पश्चिम असते. म्हणून भूमिस्पर्शाच्या क्षणी मागे सूर्य असणे योग्यच आहे, पण तो मावळता सूर्य होय. तो मागे असेल तर मुख छायेत असेल आणि शरीराची लांब सावली पुढे, पाहणाऱ्याच्या पायांकडे येईल. पहाटेचे चित्र काढावयाचे तर मागील बिंब मावळत्या पौर्णिमेच्या चंद्राचे काढावे लागेल, कारण सूर्य समोरून उगवणार. चित्रकाराने हे केले तर चित्र किती सुंदर होईल! प्रत्यक्षात आकृतीच्या मागे सूर्य आहे, मुखावर समोरून उजेड आहे आणि विहाराच्या दर्शनी भागावर सकाळचे ऊन आहे. तीन सूर्य एका चौकटीत तळपत आहेत आणि सावली एकाचीही नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. पूजेचे चित्र म्हणजे भूगोलाचा नकाशा नव्हे, आणि कालविपर्यास तर प्राचीनांनीही केला आहे. हे खरे आहे. भरहुतच्या कठड्यावर शाक्यमुनींची बोधी असा लेख असलेल्या शिल्पात बोधिवृक्षाभोवती खांबांवर उभारलेले बोधिघर कोरलेले आहे. असे घर बोधीच्या रात्री तेथे नव्हते; ते पुढील काळातील उपासकांनी उभारले. आसन आहे, वृक्ष आहे, पूजक आहेत, तथागतांची आकृती मात्र नाही. सुसान हंटिंग्टन यांनी १९९० साली अशा शिल्पांतून बुद्धचरित्रातील प्रसंग नसून तीर्थस्थानांचे व तेथील पूजेचे चित्रण पाहावे असे मत मांडले. विद्या दहेजिया यांनी पुढील वर्षी त्याला उत्तर देताना एकच शिल्प प्रसंग, स्थान आणि प्रतीक असे अनेक अर्थ एकत्र वागवू शकते असे प्रतिपादिले. आम्हांस दहेजिया यांचे म्हणणे अधिक पटते. पण आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे की भरहुतचा शिल्पकार वृक्ष, घर आणि पूजक एकाच छिन्नीने कोरतो. त्याच्या पाषाणातील कोणताही भाग दुसऱ्यापेक्षा अधिक खरा असल्याचा दावा करीत नाही. छायाचित्र तो दावा करते. ही भूमी, हा प्रकाश, या विटा एका विशिष्ट क्षणी कॅमेऱ्यापुढे होत्या असे ते सांगते. रेखाटन असे काही सांगत नाही. दोन भिन्न प्रकारची विधाने एका चौकटीत आली म्हणजे पाहणारा नकळत एकाची साक्ष दुसऱ्याच्या पदरात घालतो.

कालिंगबोधि जातकाच्या (क्र. ४७९) प्रास्ताविक कथेत या प्रश्नाला उपयोगी पडणारा एक भेद आहे. तथागत चारिकेवर गेल्यावर जेतवनात आलेल्या लोकांना पुष्पमाला कोठे वाहाव्या हे कळेना, तेव्हा आनंदाने चैत्ये किती प्रकारची असतात असे विचारले. उत्तर आले: शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. शारीरिक म्हणजे धातू, ते परिनिर्वाणानंतरचे. पारिभोगिक म्हणजे तथागतांनी उपयोगिलेले, जसा बोधिवृक्ष. उद्देशिक म्हणजे त्यांना उद्देशून केलेले. या तिसऱ्याविषयी तेथे ‘अवत्थुक’ असा शब्द आला आहे. त्याला वस्तू नाही, अधिष्ठान नाही, ते केवळ मनाने असते. म्हणून जेतवनाच्या द्वाराशी बोधिवृक्षाचे बीज लावण्यात आले. पुढे तो आनंदबोधि म्हणून प्रसिद्ध झाला.

रेखाटलेली बुद्धाकृती उद्देशिक आहे. तिला अधिष्ठान नसणे हा तिचा दोष मानू नये. तिचे स्वरूपच तसे आहे, आणि म्हणून गांधार, मथुरा, सारनाथ, अजिंठा येथील चित्रकार व शिल्पकार तिला आपापल्या परीने घडवू शकले. बोधगयेची भूमी पारिभोगिक आहे. संयुक्त चित्रात अवत्थुक आकृतीला छायाचित्राच्या मार्गाने वस्तू पुरविण्याचा प्रयत्न असतो. हा प्रयत्न आम्ही निषिद्ध मानीत नाही. महाबोधी विहाराच्या गर्भगृहातील पालकालीन मूर्तीनेही तेच केले आहे. ती उद्देशिक मूर्ती पारिभोगिक स्थानी, पूर्वाभिमुख, भूमीला हात लावून बसली आहे. पण तेथे मूर्तीचे वजन त्या भूमीवर खरोखरीच पडले आहे. चित्रकाराला वजन नसते. त्याला ते सावलीने, क्षितिजाने, प्रकाशाने द्यावे लागते. ते न देता केवळ छायाचित्र मागे लावले तर आकृतीला अधिष्ठान मिळत नाही आणि भूमीचे तीर्थत्वही उणावते. महाबोधी विहार पूर्वीच्या फोटो-स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्याच्या पातळीवर येतो. त्या पडद्याचा तरी प्रामाणिकपणा असा की गिऱ्हाईक खरे आणि ताजमहाल रंगविलेला हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असे.

दुसरा नमुना अधिक गंभीर आहे, कारण तेथे प्रश्न चित्राच्या सौंदर्यापुरता उरत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर लक्षावधी अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्या दिवशी त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर व पांढरा कोट होता. त्या समारंभाची कृष्णधवल छायाचित्रे उपलब्ध आहेत. दीक्षाभूमीचा आज दिसणारा स्तूप पुष्कळ नंतरचा. त्याचे उद्घाटन २००१ साली झाले. संयुक्त चित्रांतून बाबासाहेब निळा सूट, लाल टाय, हाती ग्रंथ अशा पुतळ्यावरून परिचित झालेल्या वेषात या घुमटापुढे उभे असतात, समोर जनसागर असतो, आणि खाली १९५६ हा आकडा छापलेला असतो.

पुतळ्याचा निळा सूट हे एक स्वतंत्र आणि अर्थपूर्ण प्रतीक आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. रंगविलेल्या भित्तिचित्रात तो घुमटापुढे आला तर कोणाची दिशाभूल होणार नाही. तक्रार आकड्याची आणि छायाचित्राची आहे. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहून ठेवला नाही, त्याच्या जवळ त्या दिवसाचे पुरावे मोजके आहेत: काही छायाचित्रे, वृत्तपत्रांचे वृत्तान्त, भाषणाची शब्दांकने आणि उपस्थितांच्या आठवणी. त्या पिढीतील माणसे आता फार थोडी उरली. शाळकरी मुलाच्या वहीवर, विहाराच्या भिंतीवर, मोबाइलच्या पडद्यावर जे चित्र पुनःपुन्हा येते तेच त्याच्या मनात त्या दिवसाचे छायाचित्र म्हणून घर करते. पुढे अस्सल कृष्णधवल छायाचित्र त्याच्यापुढे ठेवले तर त्यात निळा सूट नाही, घुमट नाही, म्हणून तेच त्याला परके वाटेल. आणि ज्यांना या इतिहासावर संशय घ्यायचाच आहे त्यांच्या हाती आपणच एक सोपे साधन देतो. घुमट खोटा ठरविणे त्यांना अवघड नाही. त्यापाठोपाठ समोरच्या जनसागराविषयीही प्रश्न उपस्थित करण्यास ते कचरणार नाहीत.

रेखाटन आणि छायाचित्र एकत्र आणण्याची याहून चांगली रीत उपलब्ध आहे. फ्रेंच चित्रकार इमान्युएल गिबेर यांनी दिदिए लफेव्र या छायाचित्रकाराच्या १९८६ च्या अफगाणिस्तान प्रवासावर ‘ल फोटोग्राफ’ ही तीन खंडांची चित्रकथा केली (२००३-२००६). लफेव्र एका वैद्यकीय पथकाबरोबर डोंगर ओलांडून युद्धग्रस्त प्रदेशात गेले होते. त्यांची कृष्णधवल छायाचित्रे पुस्तकात आहेत, आणि जेथे छायाचित्र नाही तेथे गिबेर यांचे रेखाटन आहे. फ्रेदेरिक लमेर्सिए यांनी रंग व मांडणी केली. रेखाटन छायाचित्रात शिरत नाही. दोन्ही शेजारी शेजारी, आपापल्या चौकटीत राहतात. आठवणीने सांगितलेले कोणते आणि कॅमेऱ्याने पाहिलेले कोणते हे वाचकाला प्रत्येक पानावर कळते. यामुळे कथेचा ओघ तुटत नाही. उलट रेखाटनानंतर अचानक छायाचित्र आले म्हणजे काळजात चर्र होते.

अगदी उलट रीतही आहे. २०११ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘द अमेझिंग वर्ल्ड ऑफ गंबॉल’ या मुलांच्या मालिकेत निळे मांजर, नारिंगी मासा अशी सपाट रंगांची पात्रे छायाचित्रातील घरांत व रस्त्यांवर वावरतात. त्यांचा जोड उघडाच आहे, तो लपविण्याची कोणाला इच्छा नाही. पण पायांखाली सावली आहे आणि पात्र व घर यांचे प्रमाण सांभाळलेले आहे. मूल हसते ते या उघडपणाला. आमच्या काही सहकाऱ्यांना असे उदाहरण या पानांवर अनुचित वाटेल. परंतु कारागिरी जेथे दिसेल तेथून शिकावी.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा प्रश्न पालटला आहे. तेथे आकृती आणि पार्श्वभूमी एकदमच निर्माण होतात, सावली बहुधा जुळते, जोड दिसत नाही. आम्ही वर सांगितलेल्या कसोट्यांपैकी निम्म्या तेथे निरुपयोगी ठरतील. मात्र तेथील महाबोधी विहार छायाचित्राचा नसून छायाचित्रासारखा असतो. त्याच्या शिखराचे थर मोजावे, म्हणजे फरक पुष्कळदा हाती लागतो. बोटेही मोजावी.

तूर्त आपल्या मंडळांना व मुद्रकांना करता येण्याजोगे फार थोडे आहे, पण ते आहे. बोधगयेच्या चित्रासाठी वज्रासनाचे पश्चिमेकडील छायाचित्र घ्यावे किंवा सारे चित्रच रेखाटावे. सावली पुढे पाडावी. कमळ काढायचे तर त्यालाही भूमीवर टेकवावे. दीक्षासमारंभाचे चित्र हवे असेल तर १९५६ चे कृष्णधवल छायाचित्र न कापता, न रंगविता, त्याच्या मूळ कडांसह छापावे. स्तूपाचे छायाचित्र त्याशेजारी निराळ्या चौकटीत लावावे आणि दोहोंखाली आपापले साल घालावे. यासाठी मंडळाच्या नावाची पट्टी थोडी लहान करावी लागेल.